खिशांतला अड्डा



२०२४ च्या दिवाळींत माझा एक जुना विद्यार्थी भेटीस आला. वय चोवीस, नोकरी बरी. मोबाईलवरील रमींत त्यानें २ लाख रुपये घालविले होते. हाव सुटली काय, असें मीं विचारतांच तो म्हणाला, "नाहीं सर. पहिल्याच आठवड्यांत बाराशें मिळाले. वाटलें, हें आपल्याला जमतें."

ह्या वाक्यांत बरेंचसें उत्तर आहे. बक्षीस केव्हां मिळेल याचा नेम नसला म्हणजे प्राणी तेंच कृत्य अधिक चिकाटीनें करीत राहतो, हें स्किनर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानें कबुतरांवर प्रयोग करून दाखविलें. थोडक्यांत हुकलेला डाव तर हरल्यासारखा वाटतच नाहीं! मग गेलेलें परत मिळविण्याकरितां पुन्हां डाव.

हें मन जुनेंच आहे. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलांतला जुगारीहि असाच हळहळतो. नवा आहे तो अड्डा. १९६० नंतर मुंबईंत मटका फोफावला, तरी आंकडा लावण्यास गल्लीच्या टोकापर्यंत जावें लागे आणि कोणी पाहील ही लाज वाटेंत उभी असे. मोबाईलला उंबरठाच नाहीं. पांघरुणांतहि खेळतां येतें.

ऑगस्ट २०२५ मध्यें संसदेनें अशा पैशाच्या खेळांवर बंदीचा कायदा केला. उशिरां कां होईना, बरें झालें. त्या मुलाचें कर्ज मात्र तसेंच राहिलें.

त्या संध्याकाळपर्यंत त्याच्या वडिलांना यांतलें कांहीं ठाऊक नव्हतें. "चल, मी येतों," असें म्हणून मीं चपला घातल्या.