नळाचे पाणी आणि शेजारधर्म
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात, कॉटन ग्रीन येथे केलेले भाषण)



विद्यार्थ्यांचा गुणगौरव आणि अल्पोपाहार यांच्यामध्ये आम्हांस बोलण्याची आज्ञा झाली आहे. विषय पाण्याचा असला तरी रुक्ष आहे, याबद्दल प्रारंभीच क्षमा मागतो.

मुंबईस विहार तलावाचे पाणी १८६० साली आले, तुळशीचे १८७९ साली आणि तानशाचे १८९२ साली. विहिरींच्या पाण्यावर पटकीने माणसे दगावत असलेल्या शहराला हे जीवदानच होते. तथापि नळाचे पाणी सोवळ्यास चालते की नाही, याचाच खल त्या काळी ठिकठिकाणी झाला. चामड्याच्या वायसराचा विटाळ जुन्या मंडळींना दिसला. गटाराचा विटाळ आपणांस आजही दिसत नाही.

भांडुपच्या शुद्धीकरण केंद्रातून पाणी निघते तेव्हा ते गाळलेले आणि क्लोरीन घातलेले असते. बिघाड होतो तो पुढे. आपल्याकडे पाणी ठरावीक वेळीच सुटते. ते वाहत असते तोवर नळात दाब असतो व फुटक्या सांध्यातून पाणी बाहेर झिरपते. पाणी बंद झाले की दाब जातो आणि त्याच सांध्यातून भोवतालची घाण आत शिरते. जुन्या चाळींचे पुष्कळ नळ गटाराला लागून, कोठे कोठे तर गटारातूनच गेलेले आहेत. अशा नळाला कोणी मोटर लावली, तर पाणी चालू असतानाही ती घाण ओढून घेते. आणि ती मोटरवाल्याच्याच घरी जाईल असा नेम नाही.

आमच्या चाळीत एका पावसाळ्यात सकाळचे पहिले पाणी पिवळट व वासाचे येऊ लागले. आम्ही दोन बादल्या सोडून देऊन उरलेले भरीत असू. पुढे तळमजल्यावरील तीन घरांत कावीळ झाली. त्यांपैकी एका घरी पहिल्या बाळंतपणासाठी लेक आलेली होती. गरोदर स्त्रीस ही पाण्यातून येणारी कावीळ फार घातक ठरते, हे आम्हांस त्या वेळी डॉक्टरांकडून कळले. लेक वाचली, मूल वाचले नाही. नंतर शोध घेता चाळीत सात मोटरी निघाल्या. सातवी आमची होती. तिसऱ्या मजल्यावर पाणी चढत नसे, हे कारण खरे होते; पण त्या मुलीच्या आईपुढे ते उच्चारण्याचे धैर्य आम्हांस झाले नाही.

पाणी उकळून प्यावे, हे योग्यच. परंतु हवा कशी उकळावी? १९७० नंतरच्या दशकात केईएम रुग्णालयाचे डॉ. कामत व त्यांच्या सहकाऱ्यांनी परळ-लालबाग, चेंबूर व खार येथील आणि खेड्यांतील लोकांची तुलना केली, तेव्हा दूषित हवेच्या वस्त्यांत खोकला व धाप अधिक आढळली. गिरणगावात आम्ही खोकला ज्याचा त्याचा समजत आलो होतो! वस्तूंचेही तेच. १९८६ साली जे. जे. रुग्णालयात ग्लिसरीनमध्ये विषारी द्रव्य निघून १४ रुग्ण दगावले. ते काही कोणा एकट्यास पारखून घेता आले नसते. म्हणूनच १९७५ साली स्थापन झालेल्या मुंबई ग्राहक पंचायतीने अनेक कुटुंबांची एकत्र खरेदी सुरू केली, याचे मोल आम्हांस मोठे वाटते.

मंडळाने स्नेहभोजनाचा एक पदार्थ कमी केला तरी चालेल. परंतु प्रत्येक चाळीतील सभासदांनी गटारातून गेलेल्या नळांची यादी करावी, पाण्याचे नमुने तपासून मिळावेत म्हणून विभाग कार्यालयाकडे एकत्र अर्ज करावा आणि टाकी पावसाळ्यापूर्वी धुवून घ्यावी. शेजारी आपल्या ज्ञातीचा नसेल तर त्याचीही सही घ्यावी; नळ एकच आहे. अर्ज लिहिण्याचे काम आमच्याकडे द्यावे, हस्ताक्षर अद्याप बरे आहे. मोटर मात्र ज्याची त्यानेच काढावयाची आहे. आमची माळ्यावर पडून आहे. कोणास पाहावयाची असल्यास अवश्य यावे.