वहीत नोंद हवी, निकाल नको



 आज मी एकाच विषयावर बोलणार आहे: जीवन-मार्गदर्शनासाठी आपल्याकडे येणाऱ्या माणसाची रोजनिशी. आठवड्यात १६८ तास असतात. त्यांतला एक तास तो आपल्यासमोर बसतो. बदल घडायचा तो उरलेल्या १६७ तासांत, आणि तेव्हा आपण त्याच्याजवळ नसतो. त्याची वही असते.

लिहिण्याची शिस्त आपल्याला परकी नाही. समर्थांनी दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास लेखनक्रियेलाच दिला. गांधीजींनी आश्रमवासीयांना रोजनिशी ठेवायला लावली. तरीही आपण सुरू करून दिलेल्या कितीतरी वह्या पहिल्या पंधरवड्यातच बंद पडतात. दोष आपण माणसाच्या आळसाला देतो. मला हे पटत नाही. वही लिहा एवढे आपण सांगतो. त्यात काय लिहायचे हे शिकवत नाही.

माझ्याकडे एक किराणा दुकानदार येत असत. मुलावर रोज ओरडणे होते, ही त्यांची तक्रार. त्यांच्या वहीत सुरुवातीला असे असायचे: ‘आज पुन्हा चिडलो. माझा स्वभावच असा.’ हा निकाल झाला, आणि निकाल लागला की पुढे लिहायला काही उरत नाही. मी त्यांना चारच गोष्टी लिहायला सांगितल्या: वेळ, जागा, आधी काय घडले, नंतर काय केले. मग नोंद अशी आली: ‘रात्री पावणेदहा, घरी. दुकान बंद करून आलो. दुपारपासून पोटात काही नाही. मुलगा अभ्यास सोडून मोबाइलवर. आवाज चढवला. तो न जेवता झोपला.’ अशा नोंदी साठल्यावर त्यांनी त्या सलग वाचल्या. भांडणाच्या बहुतेक रात्री ते उपाशीपोटी घरी आलेले होते, हे त्यांनाच दिसले. संध्याकाळी सातला दुकानातच पोळीभाजी खायची, एवढेच त्यांनी ठरवले. राग संपला नाही, पण रोजचे भांडण अधूनमधून होऊ लागले. हाच उपाय मी सुचवला असता तर त्यांनी मान डोलावली असती आणि विसरून गेले असते. तो स्वतःच्या अक्षरात सापडला, म्हणून टिकला.

संशोधनही याच दिशेने बोट दाखवते. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनीबेकर आणि सॅण्ड्रा बील यांनी १९८६ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांना सलग चार दिवस, रोज १५ मिनिटे लिहायला सांगितले होते. आयुष्यातील क्लेशकारक घटना आणि तिच्याविषयीच्या भावना असे दोन्ही ज्यांनी लिहिले, त्यांच्या दवाखान्याच्या फेऱ्या पुढच्या काही महिन्यांत कमी झाल्या. मात्र लिहून उठल्यावर लगेच त्यांना बरे नाही, उलट अधिक उदास वाटले होते. पेनीबेकर यांनी पुढे अशा लेखनातले शब्द तपासले. ज्यांच्या लेखनात दिवसागणिक कारणे शोधणारे आणि उमज दाखवणारे शब्द वाढत गेले, त्यांना अधिक लाभ झाला. नुसते दुःख ओतून भागत नाही. ते का झाले, याचा माग काढावा लागतो.

आता सातत्याविषयी. २१ दिवसांत सवय लागते, हे वाक्य आपल्या कार्यशाळांतून सर्रास ऐकू येते. त्याचे मूळ मॅक्सवेल मॉल्ट्झ या प्लास्टिक सर्जनच्या १९६० सालच्या पुस्तकात आहे. शस्त्रक्रियेनंतर नव्या चेहऱ्याची सवय व्हायला रुग्णांना किमान एकवीसएक दिवस लागतात, असे त्यांचे निरीक्षण होते. त्यातला ‘किमान’ गळून पडला. लंडनमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी केलेल्या अभ्यासात सवय अंगवळणी पडायला मधला आकडा ६६ दिवसांचा निघाला. माणसामाणसांतला फरक १८ पासून २५४ दिवसांपर्यंत होता. एखादा दिवस चुकल्याने सवयीचे फारसे बिघडत नाही, असेही त्यांना आढळले. बाविसाव्या दिवशी स्वतःला नालायक ठरवून वही मिटणाऱ्या माणसाला हे आवर्जून सांगा. खंड पडला तर मागची पाने भरत बसू नका, आजची तारीख घाला, असे त्याला सांगितले की वही चालू राहते.

दोन पथ्ये मात्र कटाक्षाने पाळायला हवीत. पहिले, वही त्या व्यक्तीची आहे. ती वाचून दाखवा असा आग्रह आपण धरू नये. अनेक घरांत बाईला स्वतःचा बंद करता येईल असा खण नसतो. अशा वेळी लिहून झाल्यावर कागद फाडून टाकला तरी चालतो, हे तिला आधीच सांगावे. दुसरे, लिहिता लिहिता कुणी त्याच वेदनेत रुतत चालले असेल, तर लेखन थांबवावे. जीव नकोसा झाल्याची भाषा कानावर आली, तर त्या व्यक्तीला तत्काळ मनोविकारतज्ज्ञांकडे न्यावे. टेली-मानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक आपल्या प्रत्येक सहकाऱ्याला तोंडपाठ हवा. आपण मार्गदर्शक आहोत, डॉक्टर नाही.

शेवटी एक विनंती. आपल्यापैकी प्रत्येकाने आज रात्री स्वतःची वही उघडावी आणि दिवसातल्या एका प्रसंगाची नोंद करावी: वेळ, जागा, आधी काय घडले, नंतर काय केले. उद्याही करावी, परवाही करावी. जो स्वतः लिहीत नाही, त्याला दुसऱ्याला लिहायला सांगण्याचा अधिकार नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. हा अधिकार आपण सर्वांनी मिळवावा, एवढे आवाहन करतो आणि थांबतो.