माकडताप, सरपण आणि ‘गृहिणी’चा रकाना

(सिंधुदुर्ग जिल्ह्यातील कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



संयोजकांनी मला विषय दिलाय ‘नव्याने उद्भवणाऱ्या संसर्गजन्य रोगांवरील विद्यापीठीय आंतरविद्याशाखीय संशोधन’. हे नाव एका दमात घेताना मलाच धाप लागते. म्हणून मी एकाच रोगावर बोलणार आहे. आपल्याकडे त्याला माकडताप म्हणतात.

१९५७ साली कर्नाटकात शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूरच्या जंगलात माकडं मरून पडू लागली आणि आसपासच्या गावांत माणसं तापाने फणफणली. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने, म्हणजे आजच्या एनआयव्हीने, त्याचा विषाणू शोधला. तो रशियातल्या एका विषाणूच्या नात्यातला निघाला. मग शंका आली, लांबून येणाऱ्या पक्ष्यांनी तर तो आणला नसेल? तेव्हा जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने सालिम अली आणि बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटी पक्ष्यांच्या पायांत कड्या अडकवायच्या कामाला लागली. डॉक्टर, कीटकांचे जाणकार, पक्ष्यांचे जाणकार असे सगळे एका रोगामागे. तेव्हा वेगवेगळ्या विद्याशाखांनी एकत्र येणं ही काही आजची फॅशन नाही. त्या मेळ्यात डोक्यावर मोळी घेतलेली बाई मात्र कुणाला दिसली नाही.

रोग पसरवते ती गोचीड. मोठी गोचीड गुरांच्या अंगावर पोसते. तिची पिल्लं उंदीर, घुशी, पक्षी, माकडं यांच्या अंगावर चढतात. माकड मेलं की त्याच्या अंगावरची पिल्लं खाली पाचोळ्यात उतरतात आणि तिथून जाणाऱ्या माणसाला चावतात. माणसाकडून माणसाला हा ताप होत नाही. रान तोडून शेती केली, गुरं रानाच्या कडेला चरू लागली, त्यातून हे वाढलं असं हॉर्हे बोशेल या शास्त्रज्ञाने १९६९ मध्येच लिहून ठेवलं होतं. पुढे १९८२-८३ मध्ये दक्षिण कन्नडात काजूच्या लागवडीसाठी जंगल साफ केलं, तिथे दीड हजारावर लोक आजारी पडले आणि दीडशेच्या आसपास दगावले. मार्क निक्टर या मानवशास्त्रज्ञाने १९८७ मध्ये त्यावर निबंध लिहिला आणि माकडतापाला विकासाचा आजार म्हटलं. मला हे नाव फार नेमकं वाटतं. मग २०१५ मध्ये गोव्यात सत्तरी तालुक्यात काजूच्या बागेत राबणारे मजूर आजारी पडले, २०१६ मध्ये आपल्या दोडामार्गात रोगी सापडले, नंतर सावंतवाडी तालुक्यात. पुढचं तुम्हांला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे.

अलीकडे इंग्लंडमधले पर्यावरणशास्त्रज्ञ, बंगळूरची अत्री संस्था, कर्नाटकचं आरोग्य खातं अशा अनेकांनी मिळून काम केलं. गुरांचे डॉक्टर होते, समाजशास्त्राचे लोक होते. २०२० मध्ये त्यांनी धोक्याच्या जागांचा नकाशा छापला. जिथे सदाहरित रान आणि बागायत एकमेकांत मिसळलेली आहे आणि गावठी गुरं भरपूर आहेत, तिथे धोका जास्त, असं त्यातून दिसलं. काम चांगलं आहे, मी त्याची टिंगल करणार नाही. पण नकाशा गावापाशी थांबतो. घरातलं कोण रानात जातं, हे नकाशात कसं येणार?

मी स्वतः अशाच एका अभ्यासात दोन हंगाम काम केलं. माझ्याकडे रोगी बायकांच्या मुलाखती होत्या. दवाखान्यातल्या कागदावर व्यवसायाचा रकाना असतो. बाईपुढे बहुतेक वेळा एकच शब्द: गृहिणी. आता ही गृहिणी काय करते? डिसेंबरपासून सरपण तोडते, पावसाळ्याआधी घरात साठा व्हायला हवा. गोठ्यात टाकायला पातेरा गोळा करून आणते. फेब्रुवारी-मार्चपासून काजूच्या झाडाखाली वाकून बिया वेचते, पुष्कळदा दुसऱ्याच्या बागेत रोजाने. आणि गोचिडीच्या पिल्लांचा हंगाम कोणता? तोच, डिसेंबर ते मे. पण कागदावर ती घरात बसलेली आहे! मग रानात जाणाऱ्यांना तेल वाटायची यादी या कागदांवरून केली की तीत फॉरेस्टचे गार्ड येतात, बागेचे मालक येतात, आणि ‘गृहिणी’ गळते. गावच्या बैठकीत विचारलं, रानात कोण जातं? पुढे बसलेले पुरुष म्हणाले, आम्ही. मागच्या पडवीतून एक म्हातारी म्हणाली, “मग माझी मोळी काय उडान येता?” त्या दिवशी आमच्या प्रश्नावलीत चार प्रश्न वाढले.

सल्लेही बघा. अंगभर कपडे घाला, डेपाचं तेल लावा, घरी आल्यावर कढत पाण्याने साबण लावून आंघोळ करा, कपडे गरम पाण्यात टाका. सल्ले बरोबरच आहेत. पण एप्रिलमध्ये विहीर तळाला गेली असताना दोन हंडे पाणी कुठून आणायचं? आणि ते तापवायचं कशावर? त्याच सरपणावर, जे आणताना गोचीड चावते. रानात जाऊच नका म्हणणाऱ्याने निदान गॅसचा सिलेंडर दर महिन्याला भरून द्यावा.

लस होती. तिचा पुरेसा उपयोग होत नाही असं दिसल्यावर २०२२ मध्ये कर्नाटकाने ती थांबवली. नवीन लशीवर काम चालू आहे. नेमकं औषध नाही, लक्षणांवर उपचार आणि काळजी एवढंच. ताप उतरल्यावर काहीजणांना काही दिवसांनी पुन्हा ताप आणि मेंदूचा त्रास होतो. म्हणजे एका बाईचा काजूचा अख्खा हंगाम गेला, आणि घरात दुसरं कुणी आजारी असेल तर त्याची शुश्रूषा करण्यात तिचाच गेला.

विद्यापीठाचे लोक तुमच्याकडे येतील तेव्हा त्यांना चहा जरूर द्या, पण आधी विचारा. रक्त घेताय तर निकाल कधी सांगणार, आणि मराठीत सांगणार का? मजुरी बुडवून बैठकीला बसायचं तर ती भरून कोण देणार? प्रश्नावली छापण्याआधी आम्हांला दाखवाल का? आणि तो व्यवसायाचा रकाना तुम्ही स्वतः सांगून भरून घ्या: सरपण, पातेरा, काजूची मजुरी, गुरं. आशाताईंनाही हे सांगा. मेलेलं माकड दिसलं तर हात न लावता लगेच आरोग्य केंद्राला आणि वनखात्याला कळवा. ते बहुधा तुम्हांलाच आधी दिसणार आहे.

जेवणानंतर दोडामार्ग, सावंतवाडी आणि सत्तरीच्या बायकांनी थांबावं. महिन्यांचा तक्ता मी आणलाय. कुठल्या महिन्यात कोणती कामं, कोण करतं, किती लांब जावं लागतं, ते आपण एकत्र बसून भरू. त्याची एक प्रत तुमच्याजवळ राहील.