उतार आणि उतारा
(दिंडीच्या शताब्दी सोहळ्यातील भाषण)



शताब्दीनिमित्त चार शब्द बोला, असं मंडळींनी सांगितलं. आपली दिंडी पूर्वेकडून येते. पंढरी आपल्याला पहिल्यांदा दिसते ती चंद्रभागेच्या पलीकडच्या तीरावरून. आळंदी-देहूच्या पालख्या वाखरीवरून येतात, त्यांची नदी नीरा. आपल्या वाडवडिलांना मात्र ऐन पंढरीच्या दारात नदी ओलांडावी लागे. म्हणून नदीचा उतार आणि गावातला उतारा, या दोन गोष्टींविषयी बोलतो.

भीमा पंढरपुरापाशी चंद्रकोरीसारखी वळते, म्हणून इथे ती चंद्रभागा. उजनी आणि वीर धरणांतून किती पाणी सोडलं ते आता आधी कळतं. धरणं नव्हती तेव्हा वर घाटमाथ्यावर पाऊस किती झाला याचा अंदाज पुंडलिकाच्या देवळावरूनच. पाणी देवळाला वेढू लागलं की वाळवंट संपलं, मग होडीशिवाय इलाज नाही. होड्या कोळी बांधवांच्या. पुंडलिकाची पूजाअर्चाही परंपरेने महादेव कोळी समाजाकडेच. आपल्यातली जुनी माणसं सांगायची, होडीत आधी वीणा चढायची, मग पखवाज, मग तुळशीवाल्या बाया, आणि चोपदार सगळ्यांत शेवटी. पाण्याला ओढ असली की भजन बंद आणि सगळ्यांचं लक्ष नावाड्याच्या वेळूकडे! होडीत कोण कुणाला खेटून बसला हे तेव्हा कुणी बघत नसे, बघायला जागाच नसायची.

पायरीला लागलं की महाद्वार घाट. तिथे बायजाबाई शिंद्यांनी बांधलेलं द्वारकाधीशाचं देऊळ, जवळच होळकरांचा वाडा. अहिल्यादेवींचं नाव पंढरीत आजही आदराने घेतात, ते उगीच नाही. राजेरजवाड्यांनी दगडी पायऱ्या बांधल्या म्हणून आपण धडपडलो नाही. पण रात्री पाठ टेकायची कुठे? कुणी क्षेत्रोपाध्यांच्या वाड्यात, कुणी मठात, कुणी ओसरीवर. १९०६ साली कुर्डुवाडीकडून बार्शी लाइटची छोटी गाडी आली, तेव्हापासून पायी येणाऱ्यांत गाडीने येणाऱ्यांची भर पडली. गर्दी वाढली, की आधी ओसरी भरते आणि मग जात विचारली जाते.

हे आम्हाला सांगायलाच हवं. होडीतून उतरेपर्यंत सगळे वारकरी एक, घाट चढला की वेगळे. चोखोबारायांची समाधी महाद्वारी नामदेव पायरीपाशी आहे. त्यांनी नदीपलीकडे राहून देवळासमोर दीपमाळ उभारली, अशी परंपरा सांगते. दीपमाळ या काठाला आणि देव त्या काठाला. ज्यांना गावात उतारा नव्हता, ते कितीतरी पिढ्या पावसात पटकुरं पांघरून उघड्यावर बसले. त्यांची वारी मोजली तर आपल्याहून जड भरेल.

त्यांच्या डोक्यावर छप्पर घातलं ते गाडगेबाबांनी. शेणगावचा हा माणूस, हातात खराटा. दिवसा यात्रेतली घाण झाडायची, रात्री कीर्तन करायचं. पंढरीत त्यांनी चोखामेळा धर्मशाळा बांधली. तिच्यामागे तिजोरी नव्हती कुठली, कीर्तन ऐकायला आलेल्या लोकांचे पैसे होते. आणि बांधून झाल्यावरही बाबा तिला धरून बसले नाहीत. १९४९ साली ती वास्तू त्यांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या हवाली केली, पोरांच्या शिक्षणासाठी. त्याआधी दोन वर्षं, १ ते १० मे १९४७, साने गुरुजी पंढरीत उपोषणाला बसले होते, मंदिर हरिजनांना खुलं व्हावं म्हणून. त्यांना जागा दिली तनपुरे महाराजांच्या मठाने. वारकऱ्यांच्या एका मठाने त्या वेळी दार उघडलं, याचा आम्हाला अभिमान वाटतो. बाकीच्यांचं काय, ते ज्याचं त्याने ठरवावं.

आता काळ पालटला. न्यायालयाच्या आदेशानंतर वाळवंटातले तंबू उठले, आणि नदीपलीकडे पासष्ट एकरात राहुट्या पडू लागल्या. आपणही पुन्हा पलीकडच्या काठाचे झालो म्हणा ना! तिथे चिखल होतो, नळाला रांग लागते, बायांना आडोसा पुरत नाही. म्हणूनच शताब्दीला आपल्या दिंडीची धर्मशाळा बांधायचं चाललं आहे, आणि आजचं बोलणं त्यासाठीच.

मागच्या बैठकीत सूचना आली, की मोठी देणगी देणाऱ्याच्या नावे खोली राखून ठेवावी. सूचना करणाऱ्यांचा हेतू चांगला, पैसा लवकर उभा राहील. पण आम्हाला ती पटत नाही. आषाढीला ती खोली कुलूप लावलेली दिसेल, आणि शेजारच्या ओसरीवर आपलीच म्हातारी भिजत बसलेली असेल. दात्यांची नावं दर्शनी फळ्यावर लिहू, ठळक लिहू. दारावर नको. जो दिंडीत चालत आला तो आधी, त्यात आजारी आणि लेकुरवाळी पहिली. आपल्या दिंडीचे नसलेले कुणी पावसात दाराशी आले, तर गाव विचारा, नाव विचारा, चहा विचारा. त्यापुढे विचारायचं नाही.

आणखी एक, संडास-मोऱ्या आधी बांधायच्या, सभामंडप मागून. मंडपात कीर्तन होतं हे खरं, पण कीर्तनाला झाडाखालीही बसता येतं.

वर्गणीची वही इथेच टाळकऱ्यांच्या जागेजवळ ठेवली आहे. पाच रुपयेसुद्धा लिहून घेतले जातील. पावती मागून घ्या, लाजू नका. कार्तिकीला पंढरीत भेटू तेव्हा जमलेल्या पैशाचा हिशेब सगळ्यांसमोर वाचला जाईल.

राम कृष्ण हरि.