अरण्याचा जमाखर्च

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



‘अरण्ये आणि वातावरण’ हा विषय संयोजकांनी सुचविला तेव्हा मी प्रथम नकारच दिला होता. मी अर्थशास्त्राचा माणूस. आयुष्यभर वर्गात राष्ट्रीय उत्पन्नाचे हिशेब शिकविले. पण वाचन करू लागलो तसे ध्यानात आले की हा प्रश्नही मुळात हिशेबाचाच आहे. आणि हिशेब चुकीचा मांडला की त्याची झळ कोणाला बसते, हे तुम्हा कार्यकर्त्यांना मी सांगावयास नको.

आधी माझी एक चूक कबूल करतो. अरण्ये म्हणजे पृथ्वीची फुप्फुसे, ती अखंड कार्बन डायऑक्साइड शोषून घेतात, असे मी अनेक वर्षे मानीत होतो आणि वृक्षारोपणाच्या समारंभांतून बोलतही होतो. हे अर्धेच सत्य आहे. सूर्यप्रकाशात पान हवेतील कार्बन डायऑक्साइड घेऊन त्यापासून साखर बनविते, हे शाळकरी मुलालाही ठाऊक असते. परंतु तेच झाड श्वसनही करते, दिवसा आणि रात्रीही. बनविलेल्या अन्नापैकी सुमारे निम्मे ते स्वतःच्या जगण्यासाठी खर्च करते आणि तेवढा कार्बन हवेत परत जातो. उरलेल्या निम्म्यातून पाने, मुळे, लाकूड घडते. पुढे पाने गळतात, फांद्या मोडतात, मुळे मरतात. त्यांवर वाळवी, बुरशी आणि मातीतील सूक्ष्मजीव जगतात, आणि त्यांच्या श्वासावाटे उरलेल्यातील बहुतेक कार्बनही हवेतच जातो.

म्हणजे आमच्या शास्त्राच्या भाषेत, स्थूल उत्पन्न प्रचंड, घसाराही जवळजवळ तेवढाच, आणि निव्वळ शिल्लक अगदी थोडी. जगातील सर्व भूभागावरच्या वनस्पती वर्षाकाठी निदान १२० अब्ज टन कार्बन हवेतून घेतात आणि तो जवळजवळ सगळा परत करतात. कोळसा, तेल आणि वायू जाळून माणूस वर्षाला सुमारे १० अब्ज टन कार्बन सोडतो. निसर्गाच्या उलाढालीपुढे हा आकडा लहान दिसतो आणि काही मंडळी त्याचाच आधार घेऊन आपल्याला निश्चिंत राहावयास सांगतात. पण निसर्गाच्या खात्यात दोन्ही बाजू आहेत. आपल्या खात्यात केवळ एक. आपण सोडलेल्या दहा टनांपैकी सुमारे तीन टन जमिनीवरील अरण्ये, गवताळ प्रदेश आणि माती पचवितात, अडीचेक टन समुद्र घेतो आणि बाकीचे हवेत साठत राहतात.

हा श्वासोच्छ्वास मोजता येतो. अमेरिकन शास्त्रज्ञ चार्ल्स कीलिंग यांनी १९५८ मध्ये हवाई बेटावरील मौना लोआ येथे हवेतील कार्बन डायऑक्साइडची नियमित मोजणी सुरू केली. उत्तर गोलार्धात झाडे पालवली की प्रमाण खाली येते, पानगळीनंतर पुन्हा वर चढते. दर वर्षीचा हा चढउतार त्यांच्या आलेखात स्पष्ट उमटला. पण त्याबरोबर दुसरी गोष्टही उमटली. दर वर्षीचा आलेख मागील वर्षाहून थोड्या वरच्या पायरीवरून सुरू होतो. १९५८ मध्ये हे प्रमाण दहा लक्ष भागांत सुमारे ३१५ भाग होते. २०२४ मध्ये ते ४२० च्या वर गेले होते.

एकेका अरण्याचा हिशेबही आता मांडता येतो. झाडांच्या शेंड्यांहून उंच मनोरा उभारतात. वाऱ्याची प्रत्येक झुळूक वर जाते की खाली येते आणि तिच्यात कार्बन डायऑक्साइड किती आहे, हे त्यावरील यंत्रे सेकंदाला अनेक वेळा टिपतात. वर गेलेल्यातून खाली आलेला वजा केला की निव्वळ शिल्लक कळते. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने असा मनोरा आसामातील काझीरंगाच्या जंगलात उभारला. तेथे दिसले की अरण्य सर्वाधिक कार्बन घेते ते पावसाळ्याआधीच्या महिन्यांत. ऐन पावसाळ्यात ढगांमुळे ऊन अडते आणि घेणे कमी होते. पाऊस जास्त म्हणजे कार्बनची कमाई जास्त, हा आपला सरळ अंदाज तेथे टिकला नाही.

यापेक्षा गंभीर बातमी ब्राझीलमधून आली. लुसियाना गात्ती आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० ते २०१८ या काळात विमानांतून ॲमेझॉनवरील हवेचे नमुने घेतले. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेला त्यांचा निष्कर्ष असा की, अरण्याचा आग्नेय भाग जितका कार्बन घेतो त्याहून अधिक सोडू लागला आहे. तोड, आगी आणि वाढता उन्हाळा ही त्यामागची कारणे. जे खाते जमेचे म्हणून सारे जग गृहीत धरून चालले होते, त्याचा एक कोपरा नावे बाजूला गेला.

येथे अर्थशास्त्रातील दुसरा एक भेद उपयोगी पडतो : प्रवाह आणि साठा. जुने अरण्य दर वर्षी फार थोडी भर घालते, म्हणून ते तोडून जोमाने वाढणारी नवी झाडे लावावीत, असा युक्तिवाद केला जातो. वरवर तो बिनतोड वाटतो. पण जुन्या अरण्याचे खरे मोल त्याच्या मुद्दलात असते, आणि ते मुद्दल जमण्यास शतके लागलेली असतात. भारतीय वन सर्वेक्षणाच्या अहवालांप्रमाणे आपल्या वनांत सात अब्ज टनांहून अधिक कार्बन साठलेला आहे, आणि त्यातील निम्म्याहून अधिक मातीत आहे. डोळ्यांना झाड दिसते, माती दिसत नाही. अरण्य तोडून जमीन उघडी पाडली की हे गाडलेले मुद्दलही हळूहळू हवेत जाते. रोपे त्याची भरपाई करणार कधी? तीही ती जगली तर. आपल्याकडील माळरानांचीही हीच कथा. सरकारी दप्तराने त्यांना ‘पडीक’ ठरविले. वस्तुतः गवताची बहुतेक ठेव जमिनीखाली असते, आणि वृक्षारोपणाच्या नावाखाली खड्डे खणताना आपण तीच विस्कटतो.

आता थोडे अंकगणित. २०१५ मध्ये भारत सरकारने जगाला वचन दिले की २०३० पर्यंत वने आणि वृक्ष वाढवून अडीच ते तीन अब्ज टन कार्बन डायऑक्साइडइतका जादा साठा निर्माण करू. वचन स्वागतार्ह आहे. पण आपला देश कोळसा, तेल, वायू यांच्या ज्वलनातून आज एका वर्षात सुमारे तीन अब्ज टन कार्बन डायऑक्साइड सोडतो. इतक्या वर्षांच्या वनीकरणाची सारी कमाई म्हणजे आजच्या एका वर्षाचा धूर! यात भारताला दोष देण्याचा माझा हेतू नाही. आपला दरडोई धूर जगाच्या सरासरीच्या निम्म्याहून कमी आहे. अमेरिकन नागरिकाचा आपल्या कितीतरी पट. सांगावयाचे ते एवढेच की, झाडे लावून धुराचे कर्ज फिटत नाही. श्रीमंत देशांनी आणि कंपन्यांनी धूर तसाच चालू ठेवून गरीब देशांतील रोपांच्या पावत्या विकत घ्याव्यात, या व्यापारात हीच गोष्ट झाकली जाते.

त्यात आणखी एक नाव गाळले जाते. इंग्रजांच्या १८७८ च्या कायद्याने अरण्य म्हणजे इमारती लाकडाचे कोठार ठरले आणि तेथे राहणारा माणूस आपल्याच रानात अतिक्रमणदार झाला. उद्या तेच अरण्य कार्बनचे कोठार ठरेल, आणि माणूस पुन्हा कुंपणाबाहेर जाईल. पर्यायी वनीकरणासाठी गावाची चराई बंद झाल्याच्या तक्रारी तुमच्यापैकी अनेकांनी ऐकल्या असतील. याउलट गडचिरोलीतील मेंढा-लेखा गावाला २००६ च्या वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये सामूहिक हक्क मिळाला आणि २०११ मध्ये आपल्या बांबूच्या वाहतुकीचे परवाने ग्रामसभेच्या हाती आले. ज्या गावाची उपजीविका मुद्दल टिकण्यावर अवलंबून आहे, ते गाव मुद्दल मोडावयास सहसा तयार होत नाही. कार्बनचा हा पहारेकरी कोणत्याही वहीत पगारी म्हणून नोंदलेला नाही.

म्हणून आपापल्या तालुक्यात परतल्यावर एवढे करा. कोणी लक्ष-लक्ष रोपांचा आकडा सांगू लागला की विचारा : यांतील पाच वर्षांनी किती उभी आहेत? त्यांच्या बदल्यात तोडले काय? आणि ग्रामसभेने ठराव केला होता का? उत्तरे लिहून घ्या, जुळवून पाहा. वनहक्काचे दावे कोठे अडले आहेत त्याची यादी करा. अरण्य आपला हिशेब चोख ठेवते. जेवढे घेते, जेवढे देते, तेवढेच हवेत उमटते. खोट असते ती आपल्या वहीत, आणि ती दुरुस्त करणे हे राजकीय काम आहे.