तारा दातांना, धीर मनाला
दातांच्या तारा साधारण दीड ते दोन वर्षं तोंडात राहतात. तारा आवळल्यावर दुसऱ्या दिवशी ठणका सर्वांत जास्त असतो. आठवडाभरात तो ओसरतो. एवढं आधी सांगितलं, तरी मूल कमी घाबरतं. तारा बसवल्यावर दवाखान्यातून विचारपूस करणारा फोन आला, तर दुखणं आणि धास्ती दोन्ही कमी होतात, असं अभ्यासांत दिसलं आहे. खर्च काय, तर एका फोनचा! चिक्की, ऊस काही काळ बंद, तेही मुलं सोसतात. जास्त बोचतं ते वर्गातलं चिडवणं. मुलगी हसताना तोंडावर हात धरू लागली, डबा एकटीच खाऊ लागली, तर उडवून लावू नका; शिक्षकांशी बोला. उदासी हटतच नसेल, तर 'टेली मानस' या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर मोफत सल्ला मिळतो.