निष्ठा आणि सदसद्विवेक



संघटनेतील अन्यायाविरुद्ध बोलावे तर निष्ठेवर संशय येतो, आणि मौन पाळावे तर सदसद्विवेकबुद्धी गहाण पडते. राजकीय कार्यकर्त्याला परिचित असलेला हा पेच एका धर्मनिष्ठ माणसाने आयुष्यभर कसा सोसला, हे आज सांगावयाचे आहे. अमेरिकेतील यूटा राज्यात जन्मलेले मॉर्मन विचारवंत यूजीन इंग्लंड (१९३३–२००१) हे ते गृहस्थ होत.

जोसेफ स्मिथ यांनी १८३० साली स्थापन केलेल्या या पंथात सामान्य पुरुष अनुयायालाही पौरोहित्याचा अधिकार मिळतो. मात्र स्मिथ यांचे उत्तराधिकारी ब्रिगहॅम यंग यांनी १८५२ साली कृष्णवर्णीयांना तो जाहीरपणे नाकारला. कृष्णवर्णीय स्त्रीपुरुषांना मंदिरातील प्रमुख विधीही वर्ज्य ठरले. ही बंदी १९७८ साली उठली.

इंग्लंड यांनी पंथ सोडला नाही. १९६६ साली सहकाऱ्यांसह त्यांनी ‘डायलॉग’ हे स्वतंत्र नियतकालिक काढले. त्यातच १९७३ साली लेस्टर बुश यांनी साधार दाखवून दिले की, या बंदीला स्मिथ यांच्या हयातीतील पुरावा सापडत नाही. पुढे ईश्वराचे ज्ञानही वाढते काय, या प्रश्नावर इंग्लंड यांनी मांडलेल्या विचारांमुळे, सिद्धान्त सांगणे हे आमचे काम, तुम्ही त्याचा प्रतिध्वनी व्हावे अथवा गप्प राहावे, अशी समज पंथश्रेष्ठी ब्रूस मॅकॉन्की यांनी १९८१ साली त्यांना पत्राने दिली. तरीही, टीकाकार सभासदांच्या नोंदी ठेवणाऱ्या पंथाच्या समितीचा १९९२ साली त्यांनी जाहीर निषेध केला. १९९८ साली त्यांना पंथाच्या विद्यापीठातून बाहेर पडावे लागले.

मग ते पंथात का राहिले? त्यांचे उत्तर विरोधाभासाचे होते. मॉर्मन मंडळी वस्तीनुसार ठरते. सोबती निवडता येत नाहीत. न आवडणाऱ्या माणसांबरोबर काम करताना होणाऱ्या घर्षणातूनच मनुष्य प्रेम शिकतो. म्हणून सदोष संस्थाही सुवार्तेइतकीच खरी, असे ते म्हणत.

या विचारात मोठे सत्य आहे. परंतु समाजवाद्याने येथे एक प्रश्न विचारलाच पाहिजे. गोऱ्या सभासदाला जे घर्षण शिक्षण ठरले, तेच कृष्णवर्णीयाला १२६ वर्षे बंद दार होते. बंदीच्या जुन्या समर्थनांचा पंथाने निःसंदिग्ध त्याग केला, तो २०१३ साली. संघटनेत राहून झगडणे श्रेयस्कर आहे, यात शंका नाही. मात्र तेथे राहणाऱ्याने स्वतःला रोज विचारावे : माझ्या संयमाची किंमत कोण मोजत आहे?